गळ्याची पट्टी नेवेन्कानेच लावावी

लेस्कोवात्स, गुरुवार, २८ सप्टेंबर २०२३

मी, दोब्रिला मितिच, दिवंगत रादोमिर मितिच यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर आहेत, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते. फक्त हृदयातली एक झडप ठिकाणावर नाही, आणि ती बदलायला मला सोमवारी सकाळी निशच्या इस्पितळात नेणार आहेत. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. मी घाबरले आहे हे खरं, पण घाबरणं म्हणजे काही दडपण नव्हे, असं तिहोमिरभाऊ म्हणतात.

तिहोमिरभाऊ म्हणजे आमचे शेजारी, पस्तीस वर्षं कोर्टात कारकून होते. साक्षीदार म्हणून पहिली सही त्यांची. त्यांनी सांगितलंय की कलमांना आकडे घालायचे, वाक्यं छोटी ठेवायची आणि रडगाणं गायचं नाही. मी म्हटलं, "भाऊ, जन्मभर लोकांच्या मापाने शिवलं. हे एक तरी माझ्या मापाचं होऊ द्या." ते हसले आणि कॉफी प्यायला बसले. त्यांचं काय जातंय हसायला, त्यांची झडप शाबूत आहे.

कलम १. माझ्या अंगावर घालायच्या कपड्याबद्दल.

हे कलम पहिलं घातलं, कारण घराचं काय व्हायचं ते होईल, पण या एका गोष्टीपायी माझा जीव टांगणीला लागलाय. कपाटात डाव्या हाताला, कागदी पिशवीत, माझा शेवटचा कपडा आहे. गडद निळं पॉपलिन, बारीक पांढरे ठिपके, लांब बाह्या. खाली काळे बूट आहेत. बूट नवे आहेत आणि चावतात, पण चालायचं कुठे आहे आता. कपडा सगळा तयार आहे. फक्त गळा उघडा आहे, कापलेली कड तशीच आहे.

आमच्या आईच्या घरची ही रीत. बाईने आपला शेवटचा कपडा स्वतः शिवावा, पण गळ्याला गोट, म्हणजे कडेची पट्टी, स्वतः लावू नये. तो लावायचा बहिणीने नाहीतर लेकीने. स्वतःचा गळा जी स्वतः बंद करते ती मरणाला हाका मारते, असं आई म्हणायची. आणि दुसरी गोष्ट. मेलेल्या माणसाच्या कपड्यात दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीला दोन टाके एकावर एक घ्यायचे, शेवटी दोऱ्याचं शेपूट मोकळं सोडायचं. गाठ राहिली की गेलेलं माणूस अडकतं, आणि अडकलेलं माणूस घरातल्या आणखी एकाला ओढून नेतं. कुणी याला अडाणीपणा म्हणेल. म्हणू दे.

लेक मला नाही. बहीण एक आहे, नेवेन्का, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. रेल्वे फाटकापलीकडे राहते, चालत गेलं तर वीस मिनिटं. आम्ही बावीस वर्षं एकमेकींशी बोललेलो नाही.

तरी माझी इच्छा अशी की गळ्याची पट्टी नेवेन्कानेच लावावी. आज तिहोमिरभाऊंच्या हाती निरोप धाडलाय. येईल की नाही, देव जाणे. न आली तर पुढच्या सूचना नीट वाचाव्यात:

कपडा उघड्या गळ्यानेच घालावा आणि वर रुमाल टाकावा. दुकानातली तयार पट्टी कुणीही लावू नये. तिला खळ असते, ती गळ्यावर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. सुनेला हे खास सांगावं, कारण ती चांगली मुलगी असली तरी पट्टी पाकिटातली आणते. विदा वहिनीला तर सुई हातात घेऊच देऊ नये. का ते कलम ५ मध्ये.

कलम २. घराबद्दल.

घर, अंगण, मागची कोठी आणि नासपतीचं झाड माझा एकुलता एक मुलगा नेबोयशा याला. तो ऑस्ट्रियात लिंझला बस चालवतो. रजा मंगळवारची मिळाली आहे, ऑपरेशन सोमवारचं. रोज फोन करतो. "आई, हल्ली हे ऑपरेशन म्हणजे दात काढण्यासारखं झालंय." मी म्हटलं, "मग तू काढून घे की." त्याने घर विकलं तरी माझी हरकत नाही, पण झाड तोडू नये. रादोमिरने ते लावलं त्या वर्षी आम्हाला धड खायला नव्हतं.

कलम ३. बँकेतल्या पुस्तकाबद्दल.

जे असेल ते माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. उरलं तर नेबोयशाला. जेवणात मासे असावेत, बीन्स असाव्यात, उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद असावा, त्यात अक्रोड घालताना हात आखडू नये. राकियाची दारू बेताने, कारण शेवटी सगळे गायला लागतात.

कलम ४. मशीन आणि हत्यारांबद्दल.

पायाची मशीन, मोठी कात्री, लाकडी इस्त्रीची फळी, अंगुस्तान आणि पितळेची नळी, हे सगळं बहीण नेवेन्का हिला, ती आली तरी आणि नाही आली तरी.

पितळेच्या नळीबद्दल थोडं लिहायला हवं, नाहीतर कुणी भंगारात टाकेल. रादोमिर लेथवर कामाला होता. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात त्याने पाहिलं, मी उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीच्या कडा बोटांनी दुमडतेय आणि इस्त्रीने बोटं भाजून घेतेय. आठवड्याने ही नळी आणून ठेवली, करंगळीएवढी, एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला निमुळती. रुंद तोंडातून पट्टी सपाट आत जाते, निमुळत्या तोंडातून दोन्ही कडा आत वळून बाहेर येते, आणि मागोमाग इस्त्री फिरवत जायचं. बस. पन्नास वर्षांत मी या नळीतून किती पट्टी ओढली ते मला ठाऊक नाही. लेस्कोवात्सपासून निशपर्यंत रस्त्याला कड लागली असती.

नेवेन्काला ही नळी कधीच लागली नाही. तिची बोटंच तशी होती. कापड कर्णावर दुमडायची, खडूने रेघा मारायची, पट्ट्या कापून टोकाला टोक तिरकं जोडायची, की जोड कुठे आहे तो शोधून सापडायचा नाही. गळ्याच्या वळणाला पट्टी किंचित ताणून धरावी लागते. कमी ताणली तर चुण्या, जास्त ताणली तर गळा आखडतो. किती ताणायची ते मापात सांगता येत नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, अजून मला कधी जमतं, कधी नाही. नेवेन्काला पहिल्या दिवसापासून जमलं. अर्ध्या गावातल्या नवऱ्या तिने लावलेला गळा घालून चर्चमध्ये उभ्या राहिल्या. हे मी आज लिहितेय. तोंडाने तिला कधी सांगितलं नाही.

कलम ५. विदा वहिनीबद्दल.

माझा थोरला भाऊ ब्लागोये याची विधवा विदोसावा, म्हणजे विदा वहिनी, हिला माझ्याकडून काहीही मिळू नये. तांब्याची मोठी कढई तर मुळीच नाही, जी तिने तीनदा मागितली आहे. कारणं: एक, ती कापड वाचवायला पट्टी सरळ कापते. सरळ कापलेली पट्टी वळत नाही, ती गळ्यावर हाडासारखी उभी राहते, हे तिला चाळीस वर्षं सांगतेय. दोन, तिची जीभ. तीन, तिने माझ्या बहिणीची अब्रू घालवली.

(तिहोमिरभाऊंनी हे वाचलं आणि म्हणाले, "दोब्रिलाबाई, तिसरं कारण तुम्ही पुरतं लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही सही करणार की संपादन?" पण त्यांचं खरं आहे. उद्या लिहीन.)

शुक्रवार, २९ सप्टेंबर

कलम ६. आईच्या कपड्यातल्या गाठीबद्दल.

आई ९ जानेवारी २००१ ला गेली. तिचा कपडा तिने स्वतः शिवून ठेवला होता, गळा उघडा. आम्ही दोघी बहिणी मागच्या खोलीत बसलो. नेवेन्काने पट्टी कापली, टाचली, आणि पुढचा अर्धा गळा तिने हेम केला. मागचा, मानेकडचा अर्धा मी. बाहेर आईच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं, बायका दार वाजवत होत्या, "झालं का गं?" मी दोरा ओवला, आणि माझ्या बोटांनी गाठ मारली.

कारखान्यात मी हातशिलाईच्या टेबलावर होते. सव्वीस वर्षं, दिवसाला दोनेकशे गाठी. अंगठा आणि तर्जनी दोऱ्याचं टोक आपोआप वळतात, मला विचारत नाहीत. पट्टी उलटून चार बोटं शिवल्यावर माझ्या लक्षात आलं. उसवायला हवं होतं. चार बोटं तर उसवायची होती! पण दार वाजत होतं, आणि मी मनात म्हटलं, दुमडीच्या आत आहे, कोण बघतंय.

अडतिसाव्या दिवशी ब्लागोयेची गाडी बर्फावरून घसरली. चाळिसाव्याचं सामान आणायला गेला होता. टायर गुळगुळीत झाले होते, पोलिसांनी तसं लिहून दिलंय, आणि मला ते पटतं. सुईत दोरा ओवेपर्यंत पटतं. दोरा ओवला की पटत नाही.

त्याला पुरून आलो आणि विदा वहिनी अंगणात उभी राहून ओरडली, "मी सासूबाईंचे केस विंचरले तेव्हा मानेपाशी बोटाला गाठ लागली होती! मला वाटलं जोड असेल! कुणी शिवला तो गळा?"

अंगण भरलेलं होतं. नेवेन्काने माझ्याकडे पाहिलं. नुसती पाहत राहिली, मी बोलेन म्हणून. आणि मी बोलले. मी म्हटलं, "गळ्याचं काम नेवाचंच असतं."

हे खोटं नव्हतं. गळ्याचं काम नेवाचंच असायचं. पण मी काय केलं ते मला कळत होतं.

त्यानंतर तिला कुणी नवरीचा कपडा दिला नाही, बाप्तिस्म्याचा दिला नाही, मयताचा तर नाहीच. तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली आणि मी ती घेतली. ती मिरच्यांची पोती शिवायला लागली. लेस्कोवात्समध्ये मिरच्यांची पोती संपत नाहीत, एवढंच नशीब. सरळ कापायचं, सरळ शिवायचं, वळण कुठे नाही.

गाठ माझी होती. पुढचा अर्धा गळा नेवेन्काचा, मागचा माझा. हे कलम माझ्या मातीनंतर चाळिसाव्याच्या जेवणात सगळ्यांसमोर, विदा वहिनीसमोर, मोठ्याने वाचावं. तिहोमिरभाऊंचा आवाज चांगला आहे, त्यांनी वाचावं.

शनिवार, ३० सप्टेंबर

तिहोमिरभाऊ फाटकापलीकडे जाऊन आले. नेवेन्का अंगणात मिरच्या भाजत होती. त्यांनी निरोप सांगितला: सोमवारी ऑपरेशन आहे, गळा राहिलाय, ये. तिने काडीने मिरची उलटली आणि म्हणाली, "तिला सांगा, मी गळे शिवणं सोडलं. का सोडलं ते तिला ठाऊक आहे."

"आणखी काही?" मी विचारलं.

"मला चार मिरच्या बांधून दिल्या," भाऊ म्हणाले. "छान भाजल्यात."

दिवसभर हाताला काम सुचेना. पट्टी तरी कापून ठेवावी म्हणून आईच्या कपड्यातलं उरलेलं पॉपलिन काढलं. पहिली पट्टी वाकडी गेली. दुसरी नळीत अडकली. असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं. रीत अशी की पट्टी मी कापली तर चालते, लावायची नाही. पण लावणार कोण, तो विचार करून करून छातीत धडधड व्हायला लागली आणि गोळी घ्यावी लागली. उघड्या गळ्याने पुरलं तर सुती कड उसवत जाते. एकेक धागा सुटतो. मला माहीत आहे मातीत कपड्याचं काय होतं, तरी त्या कडेचा विचार डोक्यातून जात नाही. झडपेचा एवढा येत नाही.

नेबोयशाचा फोन आला. "आई, बॅग भरलीस का?" मी म्हटलं, "भरली. एक जायची आणि एक परत न येण्याची." तो फोनवर रडला. असं बोलायला नको होतं.

रविवार, १ ऑक्टोबर

हे सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते, कारण वरची काही कलमं बदलली आहेत आणि तिहोमिरभाऊ म्हणतात, खाडाखोड केली तर कारण द्यावं लागतं.

दुसरी साक्षीदार म्हणून समोरची रुझित्सा ठरली होती. ती ऐनवेळी भाचीच्या लग्नाला व्रान्येला गेली. दहा वाजता भाऊ येऊन बसले आणि म्हणाले, "एका साक्षीदारावर हा कागद म्हणजे पत्र आहे, मृत्युपत्र नाही." तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं.

नेवेन्का. अंगात चर्चचा कोट, हातात पिशवी, पिशवीतून तिच्या कात्रीची मूठ बाहेर आलेली. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी बाजारात लांबून पाहिलं होतं, पण जवळून पाहिलं नव्हतं.

"बस," मी म्हटलं.

"बसायला नाही आले. कपडा कुठाय?"

मी कपडा दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, बाहीची शिवण पाहिली, खालची दुमड पाहिली. मग टेबलावरची पट्टी उचलली, दोन्ही हातांत धरून ओढली आणि टाकून दिली. "ही कुणी कापली? ही काय तिरकी आहे? ताई, तू अजून डोळ्यांनी कापतेस. कोपऱ्याला कोपरा लावायला कुणी मनाई केलीय?"

ताई म्हणाली. बावीस वर्षांनी.

तिहोमिरभाऊ खाकरले. "नेवेन्काबाई, तुम्ही आलाच आहात तर साक्षीदार म्हणून सही कराल का? फक्त एक आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कलम ४ रद्द होईल."

"काय आहे कलम ४?"

मला लाज वाटली, पण कागद तिच्याकडे सरकवला. तिने चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला लागली. कलम १ ला नाक मुरडलं. नळीच्या जागी थोडी थांबली. कलम ५ ला हसली. कलम ६ ला हसली नाही.

वाचून झालं तेव्हा तिने चष्मा काढला. "मेल्यावर वाचायचं हे?"

"चाळिसाव्याला. सगळ्यांसमोर."

"वा! म्हणजे तू खाली आरामात पडलेली, आणि वर मी उभी. सगळे माझ्याकडे बघणार, बिचारी नेवेन्का, आणि मी मासे गिळणार. मेल्यावर कबूल करायला काय जातंय गं? मला त्याचा काय उपयोग? अंगणात मी तुझ्याकडे पाहिलं होतं, ताई. तू बोलशील म्हणून बावीस वर्षं बघतेय."

"तुला माहीत होतं ना? मग तू का नाही सांगितलंस?"

"माझा अर्धा गळा मला माहीत होता. मी सांगितलं असतं तर तुझी अब्रू गेली असती. तुझं पोर शिकत होतं, रादोमिर आजारी होता. मला पोरं नव्हती. म्हटलं, पोती शिवीन." मग ती जोरात म्हणाली, "पण तुला एकदा तरी यायला काय झालं होतं? वीस मिनिटांचा रस्ता!"

मी ती टाकलेली पट्टी उचलून बोटाला गुंडाळत बसले.

"ऊठ," ती म्हणाली. "विदा आज मिरच्यांचा अजवार करतेय. बायका जमल्या असतील. चल."

"नेवा, माझी झडप..."

"हळूहळू चालू. भाऊ, तुम्ही खुर्ची घ्या बरोबर."

असे आम्ही तिघे निघालो, मी मध्ये, एकीकडे नेवेन्का, मागे कोर्टातले निवृत्त कारकून डोक्यावर खुर्ची घेऊन. वाटेत दोनदा बसले. रस्ताभर भाजलेल्या मिरच्यांचा धूर. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी म्हटलं, "मी इथेच मेले तर?" नेवेन्का म्हणाली, "मग उघड्या गळ्याने मरशील. ऊठ."

विदा वहिनीच्या अंगणात पाच-सहा जणी होत्या, चुलीवर कढई, वहिनीच्या हातात लाकडी पळी. आम्हा दोघींना एकत्र पाहून सगळ्या वळून उभ्या राहिल्या. मी खुर्चीवर बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. मागचा अर्धा गळा माझा होता. गाठ मी मारली. लक्षात आलं तरी उसवली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नेवाचं नाव घेतलं.

वहिनी ढवळायची थांबली. अजवार तळाला लागायला लागला, वास आला, कुणी हललं नाही. मग ती माझ्याकडे न बघता नेवेन्काला म्हणाली, "आणि तुला तोंड नव्हतं?"

"बहीण आहे माझी," नेवेन्का म्हणाली.

वहिनी खोक्यावर बसली आणि कामाच्या ॲप्रनने तोंड झाकून रडली. नेवेन्काने तिच्या हातातली पळी घेतली आणि ढवळायला लागली. रडून झाल्यावर वहिनीने मान वर केली आणि मला म्हणाली, "दोब्रिला, तुला मी आज काही बोलत नाही. उद्या तुझं ऑपरेशन आहे. पण परत आलीस की तुझ्याशी असं भांडेन, असं भांडेन, की गाव बाहेर येऊन बघेल."

"येईन," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तेव्हा आता बदल:

कलम ४ रद्द. नेवेन्का साक्षीदार आहे, तिला काही घेता येत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मशीन माझ्याकडे आहे. पोत्यांची असली म्हणून काय झालं, टाका तोच घालते." मशीन आणि हत्यारं नेबोयशाला. पितळेची नळी मी आज जिवंतपणी, माझ्या हाताने, नेवेन्काच्या पिशवीत टाकली. ते मृत्युपत्र नव्हे, तेव्हा भाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं.

कलम ५ बदललं. तांब्याची मोठी कढई विदा वहिनीला. पट्टीबद्दलचं कारण कायम.

कलम ६ वाचायची गरज उरली नाही.

कलम १ बद्दल मात्र घोडं अडलं आहे. नेवेन्का दुपारी दोनला खिडकीशी बसली. आधी कोपऱ्याला कोपरा लावून नवीन पट्टी कापली, तिरकी जोडली, आणि नळी पिशवीतून न काढता कडा बोटांनीच वळवल्या, मला दाखवायला. पुढचा गळा लावला, खांदे लावले, मागे मानेकडे आली. टाके दिसत नव्हते. बावीस वर्षं पोती शिवलेल्या बोटांनी! मी शेजारी बसून दोऱ्याचं टोक पाहत होते. एकदाही गाठ मारली नाही.

मानेपाशी चार बोटं राहिली तेव्हा ती थांबली, सुई कापडात टोचली आणि चष्मा काढला.

"झालं की आता," मी म्हटलं. "चारच बोटं राहिलीत."

"हो. मागच्या खेपेला उसवायला हवी होतीस ती चार." ती उठून कोट घालायला लागली. "ती तू परत आल्यावर."

"नेवा! आणि नाही आले तर?"

"तर मी शिवीन, तुझ्याजवळ बसून. पण अर्धं राहिलेलं काम तुला बघवत नाही, मला माहीत आहे. घे उद्या छाती उघडून, आणि तिथे पडल्या पडल्या या चार बोटांची काळजी करत बस."

भांडले, विनवलं, पायऱ्यांपर्यंत मागे गेले. सहीपुरती तेवढी परत आत आली, पण ऐकलं नाही.

वरील सर्व मी वाचलं, ते माझंच आहे, आणि खाडाखोड माझ्या हातची आहे. खालच्या दोघांसमोर, रविवारी दुपारी साडेचार वाजता, स्वयंपाकघराच्या टेबलावर, लेस्कोवात्स इथे सही केली.

दोब्रिला मितिच

साक्षीदार पहिला: तिहोमिर झ्लातानोविच, निवृत्त न्यायालयीन कारकून. मृत्युपत्र करणारी पूर्ण शुद्धीवर आहे. खुर्ची परत मिळाली.

साक्षीदार दुसरी: नेवेन्का कोत्सिच, शिवणकाम. बहीण शुद्धीवर आहे, नुसती घाबरली आहे. कपडा तिच्या कपाटात परत ठेवलेला नाही. तो मी घरी नेतेय, माझ्या खिडकीच्या खिळ्याला टांगणार आहे. मानेपाशी चार बोटं उघडी आहेत, सुई तिथेच आहे, दोऱ्याला गाठ नाही. मी घरीच असेन.